८३ एक्स झूम, ५५ मिमी व्यास

रविवार

पाऊस ओसरायला लागला की हा प्रश्न ठरलेला: बजेट एकच आहे, ब्रिज (लेन्स अंगालाच पक्की, झूम लांबलचक) घेऊ की मिररलेस (लेन्स बदलता येणारा)? विचारणाऱ्याला भिगवणचे रोहित (फ्लेमिंगो) हवे असतात, ताडोबाची एखादी सफारी हवी असते, कासची फुलं हवी असतात आणि वर घरची बारशी-लग्नंही त्याच कॅमेऱ्यात बसवायची असतात. दुकानात एकीकडे ८३ एक्स लिहिलेला निकॉन पी ९५०, दुसरीकडे दोन लेन्ससकट खोक्यात भरलेला कॅनन आर ५० नाहीतर निकॉन झेड ५०. एकाचा झूमचा आकडा मोठा, दुसऱ्याचा सेन्सरचा. दोन्ही आकडे खरे, पण नुसत्या त्यांच्यावर निर्णय घेतला तर फसायला होतं.

आधी सेन्सर. पी ९५० सारख्या ब्रिज कॅमेऱ्यातला १/२.३ इंची सेन्सर म्हणजे साधारण ६.२ बाय ४.६ मिमी, करंगळीच्या नखाहूनही लहान. झेड ५० मधला एपीएस-सी नावाच्या आकाराचा सेन्सर २३.५ बाय १५.७ मिमीच्या आसपास, म्हणजे क्षेत्रफळाने तेरापट. सेन्सर इतका इवलासा असतो म्हणूनच २००० मिमीचा झूम एक किलोच्या कॅमेऱ्यात मावतो. पी ९५० ची लेन्स प्रत्यक्षात ४.३ ते ३५७ मिमीचीच आहे. २४ ते २००० हा आकडा फुल फ्रेमच्या, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या, हिशेबातला.

इथवर सगळेच सांगतात आणि "सेन्सर मोठा तो चांगला" म्हणून मोकळे होतात. लांबच्या पक्ष्याच्या बाबतीत हे पुरतं खरं नाही. पक्ष्यावरून निघालेला किती प्रकाश कॅमेऱ्यात शिरतो हे लेन्सच्या उघडलेल्या छिद्राच्या व्यासावर ठरतं, आणि तो काढायला सोपा आहे: खरी फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीतला आकडा) भागिले एफ आकडा (तो जितका लहान तितकं छिद्र मोठं). पी ९५० पूर्ण झूमवर एफ ६.५ देतो. ३५७ भागिले ६.५ म्हणजे ५५ मिमी. आर ५० च्या खोक्यातली ५५-२१० लेन्स शेवटच्या टोकाला एफ ७.१, म्हणजे जेमतेम ३० मिमी. झेड ५० ची ५०-२५० लेन्स एफ ६.३ ला ४० मिमी. ऑलिंपसची ७५-३०० लेन्स ४५, कॅननची आरएफ १००-४०० लेन्स ५० मिमी. तेव्हा स्थिर बसलेल्या, लांबच्या खंड्यासाठी आर ५० ची दोन लेन्सवाली जोडी ब्रिजपुढे सरळ मार खाते. पक्ष्याचा प्रकाश तिला एक तृतीयांशाहून कमी मिळतो, सेन्सर कितीही मोठा असो.

आकड्यांतच पाहू. पांढऱ्या गळ्याचा खंड्या असतो साधारण २८ सेंमीचा. तो ३० मीटरवर तारेवर बसलाय. पी ९५० च्या पूर्ण झूमवर फ्रेमची रुंदी तिथे अर्धा मीटर भरते, म्हणजे पक्षी निम्मी फ्रेम व्यापतो. २१० मिमीवर (आर ५० वर ती ३३६ मिमीसारखी वागते) तीच रुंदी सव्वातीन मीटर. कापून कापून ब्रिजइतका पक्षी मोठा केला तर २४ मेगापिक्सेलमधला एकही मेगापिक्सेल धड उरत नाही.

आता ब्रिजच्या १६ मेगापिक्सेललाही फार भुलू नये. एफ ६.५ ला प्रकाशाच्या एका बिंदूचा ठिपका डिफ्रॅक्शनमुळे (छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) साधारण ८.७ मायक्रॉनचा पडतो आणि या सेन्सरचा एक पिक्सेल आहे १.३ मायक्रॉनचा. एकेक ठिपका सहासात पिक्सेलांवर पसरणार, त्यामुळे शंभर टक्के मोठं करून पाहिलं की पिसं मेणासारखी दिसतात. कॅमेऱ्यात बिघाड नसतो, भौतिकशास्त्रच तसं आहे. पडद्यावर फ्रेम भरेल इतकं पाहायचं किंवा ८ बाय १२ इंची प्रिंट काढायचा असेल तर काही अडत नाही.

सोमवार

कालचा हिशेब टोकाच्या झूमचा होता. पण बरेचसे फोटो टोकाच्या झूमवर निघतच नाहीत, आणि ब्रिजची पंचाईत नेमकी तिथे होते.

उडणारा पक्षी २००० मिमीवर फ्रेममध्ये राहत नाही, त्याला ४०० ते ६०० पुरतात. वाघ रस्त्याकडेला ४० मीटरवर असेल तर ६०० मिमीवर फ्रेमची रुंदी २.४ मीटर, अख्खा वाघ आडवा मावतो. या ६०० मिमीवर पी ९५० ची खरी फोकल लेंग्थ १०७ मिमी. तिथे एफ ५ धरला तर छिद्र २१ मिमीचं. आरएफ १००-४०० लावलेला आर ५० याच ठिकाणी ४७ मिमीच्या जवळपास उघडतो. प्रकाशात जवळजवळ पाचपट फरक. सफारीच्या पहिल्या आणि शेवटच्या अर्ध्या तासात, म्हणजे प्राणी बाहेर असतात नेमके तेव्हा, हा फरक फोटो आणि चिखल यांच्यातला ठरतो.

फोकसचंही तसंच. पी ९५० आणि त्याचा मोठा भाऊ पी १००० कॉन्ट्रास्ट पाहून फोकस करतात: लेन्स पुढेमागे हलवायची, कडा कुठे सगळ्यात ठळक दिसते ते शोधायचं, तिथे परत यायचं. राखाडी पाण्यासमोर राखी बगळा उभा असेल तर ठळक कडाच सापडत नाही आणि लेन्स घरघरत बसते. उपाय असा की त्याच अंतरावरचा एखादा खुंट किंवा दगडाची कड पकडायची, बटण अर्धं दाबून ठेवायचं आणि फ्रेम बगळ्यावर न्यायची. उडत्या घारीच्या बाबतीत हा उपाय चालत नाही. मिररलेसमधलं फेज डिटेक्शन फोकस कुठल्या दिशेला आणि किती सरकवायचा ते एका मापात सांगतं, शिवाय नव्या बॉडी पक्ष्याचा डोळा ओळखून धरून ठेवतात. पी १००० सेकंदाला ७ फ्रेमच्या वेगाने घेतो आणि ७ फ्रेमनंतर थांबतो. तो कार्डावर लिहीत असेपर्यंत घार टेकडीपार.

ब्रिज आणि मिररलेस यांच्या मधला एक रस्ता आहे: एक इंची सेन्सरचा ब्रिज. सोनी आरएक्स १० मार्क ४ (२०१७) ६०० मिमीला एफ ४ देतो, म्हणजे २२० भागिले ४, पुन्हा ५५ मिमी! फेज डिटेक्शनही आहे. लेन्स बदलण्याची कटकट नको आणि खिसा जड असेल तर माझ्या मते या भांडणातून सुटायला याच्याइतका चांगला कॅमेरा नाही. खिसा तितका जड नसेल तर पॅनासॉनिक एफझेड १००० (२०१४) वापरलेला शोधावा. तो ४०० मिमीपर्यंतच जातो, पण एफ ४ ला.

घरातल्या फोटोंवर फार वेळ घालवायला नको. बैठकीच्या खोलीत संध्याकाळी दिव्याखाली शटर १/१२५ सेकंद ठेवला तर ब्रिज एफ २.८ ला, तेही झूम न करता, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) १५०० च्या आसपास मागतो. झूम केलं की त्याहून जास्त. या सेन्सरवर तिथे चेहऱ्यांचं पीठ होतं. मिररलेसवर ५० मिमी एफ १.८ लावली की ६०० च्या आसपास भागतं. मिररलेसची किट (खोक्यातली) लेन्स एकटी असेल तर घरात तिचाही उजेड फारसा पडत नाही, हे मात्र विक्रेता सांगत नाही. पोर्ट्रेटसाठी मिररलेस घ्यायचा तर ही ५० मिमी बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरावी.

खरा प्रश्न मग असा उरतो की तुम्ही दुसरी लेन्स घेणार आहात का. १००-४०० च्या तोडीची लेन्स वर्षभरात तरी घेणार असाल तर मिररलेस. खोक्यातल्या दोन लेन्सवरच राहणार असाल आणि जीव पक्ष्यांत अडकलेला असेल तर ब्रिज घ्या आणि कुणी "सेन्सर छोटा आहे" म्हणालं तर ऐकून सोडून द्या. वजनाच्या नावाखाली मिररलेस घेणाऱ्यांनी एकदा काटा लावावा: झेड ५० बॅटरी-कार्डासह ४५० ग्रॅम, १६-५० लेन्स १३५, ५०-२५० लेन्स ४०५. बेरीज ९९० ग्रॅम. पी ९५० आहे १००५ ग्रॅमचा.

बुधवार

ब्रिज घेतलाच तर मेनूत शिरून पहिलं काम: डिजिटल झूम बंद. नाहीतर २००० च्या पुढे कॅमेरा गुपचूप पिक्सेल फुगवत राहतो आणि दोष लेन्सला मिळतो. दुसरं, ऑटो आयएसओची कमाल ८०० वर बांधायची. तिसरं, रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) चालू करायचं. पी ९५० आणि पी १००० रॉ देतात, जुना पी ९०० (२०१५) देत नाही, वापरलेला घेताना हे लक्षात असू द्या. पांढऱ्या बगळ्यांवर उन्हात एक्स्पोजर −०.७ (मुद्दाम थोडं काळसर) ठेवलं की पिसं जळत नाहीत.

टोकाच्या झूमवर पक्षी हरवतो, कारण तिथे फ्रेम जेमतेम एक अंश रुंद असते. निकॉनच्या या मॉडेलांत लेन्सच्या डाव्या बाजूला एक बटण आहे. ते दाबून धरलं की झूम आपोआप मागे येतो, पक्षी मध्यावर आणून सोडलं की पुन्हा होता तिथे जातो. कॅननच्या एसएक्स ७० मध्येही याच कामाचं बटण आहे. ते अंगठ्याला सवयीचं झालं नाही तर ८३ एक्स फुकट.

चंद्र हा मात्र ब्रिजचा बालेकिल्ला. पौर्णिमेच्या आसपास आयएसओ १००, एफ ६.५, शटर १/२५०, ट्रायपॉड, स्थिरीकरण बंद, दोन सेकंदांचा टायमर. २००० मिमीवर चंद्र फ्रेमच्या उंचीचा दोन तृतीयांश भाग भरतो. पृथ्वी फिरते म्हणून तो दर दोन मिनिटांना स्वतःच्या रुंदीइतका सरकतो, तेव्हा दर तीनचार फोटोंनंतर फ्रेम पुन्हा लावायची. विवरांची खोली मात्र पौर्णिमेला दिसत नाही. अष्टमीला, उजेड-अंधाराच्या सीमेवर, सावल्या लांब पडतात तेव्हा दिसते. तेव्हा शटर १/६० च्या आसपास आणावा.

भिगवणला कुठलाही कॅमेरा न्या, ऊन तापल्यावर उजनीच्या पाण्यावरची हवा उकळायला लागते आणि दोनशे मीटरवरचे रोहित लाटांमागे असल्यासारखे दिसतात. झूम जितका लांब तितकी ही थरथर मोठी. त्यावर मेनूत उपाय नाही: सूर्य वर यायच्या आत होडीत बसायचं आणि अंतर कमी करायचं. होडीत ट्रायपॉडचा उपयोग नाही, शटर १/१००० च्या खाली आणायचा नाही. शिवडीला भरतीचं वेळापत्रक पाहून जावं. पाणी चढतं तसे पक्षी काठाकडे सरकतात, आणि तिथे ४०० मिमीसुद्धा पुरते.

कासला खेळ उलटा होतो. पी ९५० वाइड टोकाला फुलापासून एक सेंमीवर फोकस करतो, पण तिथे लेन्सची सावलीच फुलावर पडते, आणि पूर्ण झूमवर त्याला किमान पाच मीटर अंतर लागतं. आरएफ १००-४०० मीटरभर अंतरावरून सेन्सरवर फुलाच्या खऱ्या आकाराच्या ०.४१ पट प्रतिमा उमटवते. ताटव्यात पाय न घालता, पायवाटेवरूनच सीतेची आसवं फ्रेमभर.

कोकणात किंवा घाटात राहणाऱ्यांना बुरशी हा वेगळा विषय. ब्रिजची लेन्स झूम होताना हवा आत-बाहेर ओढते, हवेबरोबर ओल आणि धूळही जाते, आणि सेन्सरपर्यंत पोचायला अख्खा कॅमेरा खोलावा लागतो. मिररलेसमध्ये लेन्स काढून, बॉडी पालथी धरून रबरी ब्लोअरने फुंकलं की बहुतेक धूळ जाते. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचे शिंतोडे सेन्सरवर वाळतात. सफारीच्या उघड्या जिप्सीत लेन्स बदलायची नाही. दोन्ही प्रकारांना हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता ४५-५० टक्के. चामड्याची पिशवी ओल धरते, डब्यात कॅमेरा तिच्याशिवाय ठेवायचा.

वापरलेला घ्यायला मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा आणखी कुठे गेलात तर ब्रिजचा झूम दहा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवून आवाज ऐका. मध्ये अडखळला किंवा खरखरला तर ठेवून या, ती मोटर बदलायची तर खर्च कॅमेऱ्याच्या किमतीजवळ जातो. मग पूर्ण झूमवर, छिद्र जितकं बारीक होईल तितकं करून, फोकस मुद्दाम बिघडवून पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या. करडे ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ. मिररलेसवर हीच चाचणी एफ १६ ला, पण तिथे ठिपके दिसले तर घासाघीस करा, कॅमेरा सोडू नका. लेन्समधून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड तिरका पाडून पाहा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, आणि मग किंमत कितीही उतरली तरी नको.