आमची वाटचाल : जिथे जाऊ तिथलं खाऊ

आमच्या सहलीच्या दरात हॉटेलचा नाश्ता धरलेला नसतो. चौकशीला येणारे बहुतेक लोक पहिलं बोट त्यावरच ठेवतात. बँकॉक असो, पिनांग असो की हनोई, ते गाव सकाळी जिथे खातं तिथे आम्ही आमच्या मंडळींना घेऊन जातो. नाश्त्यासकट खोली घेतली की माणसं नऊ वाजेपर्यंत हॉटेलातच अडकतात, टोस्ट खातात, आणि बाहेर पडावं तोवर सकाळचा बाजार आवरत आलेला असतो.

माझे सासरे इंदूरहून ओंकारेश्वर, महेश्वर, उज्जैन अशा बसच्या यात्रा काढायचे. तो धंदा पुढे मी आणि माझ्या धाकट्या दिराने हाती घेतला. कचेरी म्हणजे रामबागेतल्या घराची पुढची खोली, ती आजही तीच आहे. परदेशाचा विचार सुरू झाला तेव्हा ओळखीच्या सगळ्यांनी एकच सल्ला दिला: आचारी बरोबर घ्या, नाहीतर आपली माणसं येणार नाहीत. मोठ्या सहलींमध्ये ही सोय असते आणि ज्यांना ती हवी त्यांनी जरूर घ्यावी. आम्हांला मात्र ती पटेना. आपलं शहर आम्ही बाहेरच्यांना दाखवतो ते खायला घालूनच. दिवसा सोन्याचांदीची उलाढाल करणारा सराफा रात्री शटर पडली की खाण्याचा बाजार होतो, थंडीत तिथे गराडू या कंदाची कढई चढते, सकाळी पोह्यांवर जीरावण हा मसाला पडतो. हे न खाता कोणी फक्त राजवाडा पाहून परत गेला तर आपण म्हणतो, याने इंदूर पाहिलंच नाही. मग बँकॉकला जाऊन आपण वरणभातच का शोधायचा?

सुरुवात नेपाळपासून केली. पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्रावर जाता येतं, आणि रेल्वेने गोरखपूर गाठून सोनौलीची सीमा ओलांडली की खर्चही आवाक्यात राहतो. काठमांडूच्या खोऱ्यातल्या नेवार लोकांचं समय बजी नावाचं ताट असतं, त्याच्या मधोमध असतात पोहे, कोरडेच. भोवती भाजलेले सोयाबीन, आलं, बटाटा, आणि एरवी मांस. मांस बाजूला ठेवून ताट मांडून द्यायला तिथल्या बाया सहज तयार होतात. इंदूरच्या काकूंच्या पुढ्यात परदेशातल्या पहिल्याच ताटात पोहे आले की निम्मी भीती तिथेच जाते. भक्तपूरला मातीच्या पसरट भांड्यात लावलेलं जुजु धौ मिळतं, म्हशीच्या दुधाचं दाट, गोडसर दही. ते खाऊन दरबार चौकात फिरायचं. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपात तिथली कितीतरी देवळं पडली, आणि नेवार कारागीर ती पुन्हा विटा आणि कोरीव लाकडातच उभी करताना आमच्या मंडळींनी पाहिली आहेत.

थायलंडचं काम कठीण होतं आणि मला त्याचाच सगळ्यात जास्त अभिमान आहे. तिथे माशाचं पाणी, ज्याला ते नाम प्ला म्हणतात, मिठाच्या जागी पडतं. कच्च्या पपईच्या सोम तामसारख्या कोशिंबिरीतही ते असतं आणि वर सुकी कोळंबी असते. 'व्हेज' म्हटलं की दुकानदार मांस काढून देतो, माशाचं पाणी तसंच राहतं. हे आम्ही चौकशीच्या वेळीच सांगतो. कोणाच्या नियमाशी खोटं बोलून सहल विकायची नाही, हे आमच्या सासऱ्यांपासून चालत आलेलं आहे. पण त्याच थायलंडात पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेली दुकानं आहेत. चिनी बौद्ध परंपरेतलं हे खाणं. त्यात मांस, मासे, अंडी, दूध नाहीच, शिवाय कांदा-लसूणही चालत नाही. चातुर्मास पाळणाऱ्या आमच्या आजींना परदेशात इतकं निर्धास्त जेवण क्वचितच मिळालं असेल. कढईसुद्धा वेगळी. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवसांचा त्यांचा शाकाहाराचा उत्सव असतो, तेव्हा याओवारात या चिनी वस्तीत रस्ताभर पिवळे झेंडे लागतात. त्या दिवसांत जमेल तेव्हा आम्ही एक सहल ठेवतोच. एप्रिल-मे महिन्यांत गेलेल्यांना आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात मिळतो. आमरस-पुरीवर वाढलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

काही मंडळी मासे-मटण खाणारी असतात, ती त्याच रस्त्यावर समोरच्या ठेल्यावर जातात, आणि रात्री दोघं आपापल्या चवी एकमेकांना सांगतात. आम्ही आग्रह कोणालाच करत नाही.

आता स्वस्ताईबद्दल. खाण्यात काटकसर करून सहल स्वस्त होत नाही, ती होते झोपण्यात आणि फिरण्यात. आम्ही जुन्या वस्तीतली साधी, स्वच्छ गेस्ट हाउस घेतो, जिथून बाजार आणि देवळं पायी गाठता येतात. बँकॉकला चाओ फ्राया नदीवर नारिंगी झेंड्याची लोकांची बोट आहे, तिचं तिकीट काही बाथ. पर्यटकांची बोट तीच नदी दाखवते आणि पैसे मात्र कितीतरी जास्त घेते. वात फो या देवळातला 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध पाहून समोरच्या धक्क्यावरून छोट्या होडीने पलीकडच्या वात अरुण या देवळाला जायचं. मलेशियात क्वालालंपूरहून बातू गुंफांना लोकल गाडी जाते, उतरलं की समोर मुरुगनची, म्हणजे कार्तिकेयाची, उंच सोनेरी मूर्ती आणि 272 पायऱ्या. पिनांगच्या जॉर्जटाउनला गावात फिरणारी फुकट बस आहे. हे गाव 2008 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. तिथे एकाच रस्त्यावर चर्च, चिनी देऊळ, मारिअम्मनचं देऊळ आणि कापितान केलिंग मशीद दिसते, आणि त्याच भागात सकाळी रोटी चनाय, पदर सुटलेला पराठाच तो, डाळीबरोबर मिळते. दुपारी चेंदोल: नारळाचं दूध, ताडगुळासारखा गूळ, बर्फ आणि पांदान नावाच्या झाडाच्या सुवासिक पानांनी हिरव्या झालेल्या तांदळाच्या शेवया.

कमिशन आम्ही घेत नाही. बँकॉकला टुकटुकवाला अगदी कमी पैशांत फिरवतो आणि वाटेत रत्नांच्या दुकानात नेऊन बसवतो. तसला एकही थांबा आमच्या कार्यक्रमात नाही. आमचं मानधन दरपत्रकात वेगळं छापलेलं असतं. ठेल्यावर गावातली माणसं जे पैसे देतात तेच आम्ही देतो, आणि एका सहलीत बाराच्या वर माणसं घेत नाही, कारण बसायच्या त्या बुटक्या स्टुलांवर त्याहून जास्त लोक मावतच नाहीत.

मार्च 2020 मध्ये विमानं बंद झाली. एका विमान कंपनीकडे अडकलेले पैसे परत यायला फार काळ गेला, पण आम्ही आमच्याकडचे पैसे आधी लोकांना दिले आणि कंपनीची वाट आम्ही पाहिली. त्यासाठी सासूबाईंनी स्वतःहून बांगड्या काढून दिल्या. निर्बंध उठत गेले तसे आम्ही बाहेरगावच्या पाहुण्यांना सराफा दाखवू लागलो, मांडूला नेऊन दाल-पानिये, म्हणजे डाळ आणि पानांत भाजलेली मक्याची भाकर, खायला घालू लागलो. त्यावर घर चाललं. नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा 27 मार्च 2022 ला सुरू झाली आणि जुनीच माणसं पासपोर्ट घेऊन दारात आली. पुढे 2023 च्या अखेरीस थायलंड आणि मलेशियाने भारतीयांसाठी व्हिसाची अट काढली, त्याने मोठा हातभार लागला. असे नियम बदलत राहतात, म्हणून प्रत्येक बुकिंगच्या आधी आम्ही ते नव्याने तपासतो.

व्हिएतनाम आमच्याकडे सगळ्यांत उशिरा आलं आणि आता मागणी त्यालाच जास्त आहे. तिथे कितीतरी बौद्ध घरांत चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण आपल्या अमावास्या-पौर्णिमेला, शाकाहार पाळतात. ह्युए ही न्गुएन राजांची जुनी राजधानी, पॅगोडांचं आणि शाकाहारी स्वयंपाकाचं गाव. आम्ही पंचांग घेऊन बसतो आणि सहल अशी आखतो की पौर्णिमेला मुक्काम ह्युएला पडेल. त्या दिवशी एरवी मांस शिजवणाऱ्या खानावळीही शाकाहारी ताट मांडतात: केळफुलाची कोशिंबीर, टोफू, कच्च्या फणसाची भाजी, तांदळाचे वाफवलेले पातळ पापुद्रे. दुसऱ्या दिवशी होई आन गावामार्गे ‘मी सन’ नावाच्या जागी. चाम राजांनी चौथ्या शतकापासून बांधत नेलेली शिवाची देवळं. अमेरिकी बाँबहल्ल्यात 1969 मध्ये तिथला सगळ्यांत भव्य मनोरा कोसळला. भारतीय पुरातत्त्व खात्याने अलीकडे काही देवळांची डागडुजी केली, आणि 2020 मध्ये त्या कामातच एक अखंड दगडी शिवलिंग मिळालं. विटांच्या त्या गाभाऱ्यात आमच्या बरोबरच्या बायकांनी आपसूक चपला काढल्या होत्या.

दक्षिणेला सायगावात लोण्यावर परतलेले मक्याचे दाणे रस्त्यावर मिळतात, वर कांद्याची पात आणि सुकी कोळंबी. कोळंबी नको म्हणून आधी सांगायचं. दाणे कढईत पडले की सगळे इंदूरकर भुट्ट्याचा कीस आठवून हसतात, पिशवीतली जीरावणाची डबी बाहेर येते, आणि ठेलेवालीलाही चिमूटभर चाखायला मिळतं.

'गाडीवरचं स्वच्छ असतं का?' हा प्रश्न स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिल्या आलेल्या शहराची माणसं विचारणारच. आमची पारख ठरलेली आहे. ठेल्यावर एक-दोनच पदार्थ हवेत, ते डोळ्यांसमोर गरम व्हायला हवेत, आणि रांगेत शाळेची मुलं आणि नोकरीवर निघालेली माणसं दिसायला हवीत. नवा ठेला असेल तर दीर आधीच्या खेपेला स्वतः जेवतो, मगच तो कार्यक्रमात येतो.

सध्या श्रीलंकेची तयारी चालली आहे. आप्पम, तांदळाच्या शेवया, नारळाच्या दुधातला किरिबाथ, सगळं आपल्याला जवळचं. अडचण एकच, ओल्या नारळाच्या पोल सांबोलमध्ये मालदीवची सुकी मासळी कुटून घालतात. ती न घालता करून देणारी घरं कँडी आणि गॉलमध्ये आम्ही शोधतो आहोत. ती मिळाली की तारखा जाहीर करू.