राणी झाशी रेजिमेंटचा गणवेश: ब्रीचेस पुन्हा उसवली

ब्रीचेस (मांडीला फुगीर, पोटरीला घट्ट अशी विजार) शिवून झाली, घालून झाली आणि पर्वतीच्या पायऱ्यांवर आसनापाशी टर्रकन फाटलीही. भाची बरोबर होती. ती अजून हसतेय.

नव्यानं आलेल्यांसाठी: मी करतेय तो आझाद हिंद सेनेच्या राणी झाशी रेजिमेंटचा गणवेश, सिंगापूर, १९४३. १२ जुलैला नेताजींना मानवंदना देणाऱ्या वीसेक जणी साडीतच उभ्या होत्या, हातात .३०३ रायफली. २२ ऑक्टोबरला वॉटर्लू स्ट्रीटवर छावणी सुरू झाली. कॅप्टन लक्ष्मी स्वामिनाथन प्रमुख. साडी गेली, खाकी शर्ट, ब्रीचेस आणि तिरकी टोपी आली. कितीतरी जणी मलायातल्या रबराच्या मळ्यांवर वाढलेल्या, हिंदुस्थान डोळ्यांनी न पाहिलेल्या. आयुष्यात पहिल्यांदा पायांना दोन नळ्या. तो अवघडलेपणा मला आता चांगलाच कळतो.

कापडावरच महिना गेला. दुकानदार म्हणाला, "ताई, पोलीसवालं खाकी घ्या, चुणी पडत नाही." चुणी पडत नाही हीच तर अडचण! म्हणजे ते टेरिकॉट, सुतात टेरिलीन हा कृत्रिम धागा मिसळलेलं. टेरिलीनचा शोधच १९४१ मध्ये इंग्लंडात लागला. जपानी अंमलाखालच्या सिंगापुरात टेरिकॉट कुठून येणार? मला हवं होतं सुती ड्रिल, म्हणजे तिरप्या विणीचं जाड कापड. शंका आली की कडेचा एक दोरा ओढायचा आणि काडी लावायची. सुती दोरा कागदासारखा जळतो, चिमटीत धरला की राख होते. मिसळीचा दोरा आक्रसतो आणि टोकाला कडक काळा मणी धरतो. चार दुकानांतले दोरे जाळले, तीन मणी निघाले. चौथ्याकडून सहा मीटर घेतलं, दोनदा गरम पाण्यातून काढलं आणि मगच बेतलं. एवढं करूनही रंग जरा हिरवट वाटतोय. उन्हात टाकून बघते.

आता फाटण्याबद्दल. बेत पुरुषी ब्रीचेसवरून उचलला, कमरेला चापून घेतला आणि मागचं आसन दीड इंच कमी पडलं. उभं राहिलं की झकास, पायरी चढली की संपलं. खरं सांगायचं तर चापून शिवताना डोक्यात सिनेमातली नायिका होती. १९४५ मध्ये रंगूनहून माघार घेताना या मुली रात्र रात्र चालल्या. त्यांच्या अंगावर असलं काय टिकणार? सगळं उसवलं, आसनात चौकोनी म्यानी (सैल व्हावं म्हणून जोडलेला तुकडा) घातली, मांडीचा फुगा दोन बोटं वाढवला. आता मांडी घालून बसता येतं. आरशात ध्यान दिसतं, पण फोटोंच्या जवळचं दिसतं.

शर्ट सरळ शिवून झाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. टोपी मात्र अंबाड्यावर बसतच नाही. त्या काळी अनेकींनी केस कापून टाकले होते. आईला विचारलं तर म्हणाली, "कापलेस तर तशीच सिंगापूरला जा." तूर्त दोन वेण्या, वर पिना.

पोटरीवरची काजं उरलीत. हातानंच करणार.