सुंता नाही, मग दिवा कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. विचारणारे दोन्हीकडचे आहेत. आम्ही ख्रिस्ती; ह्यांची मंडळी रविवारऐवजी शनिवार पाळते. तिथले म्हणतात, शुक्रवारी तिन्हीसांजेला दिवा लावता, शनिवारी शिलाई मशीनवरचं कापड काढत नाही, मग मुलाची सुंता का करू दिली नाहीत? आमच्या रविवारच्या बायका उलट बाजूने येतात: आपण कृपेखाली ना, जुन्या नियमशास्त्राखाली नाही, मग हे यहुद्यांचं कशाला? दोघांनाही आजवर चहावर कटवलंय.

दिवा मी घेतला तो रास्ता पेठेतल्या मावशींकडून. त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांपैकी, मूळच्या अलिबागकडच्या. त्यांच्या पूर्वजांना कोकणात शनिवार तेली म्हणत, कारण त्यांचा घाणा शनिवारी बंद. आम्ही एकाच वाड्यात भाड्याने राहायचो. शुक्रवारी दुपारपासून मावशींची लगबग. काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर तेल, त्यात वात, आणि सूर्य बुडायच्या आत सगळं उरकलेलं. मी विचारलं होतं, आम्हीसुद्धा पाळावं का? त्या म्हणाल्या, "तुम्हांला कुणी सांगितलंय? आम्हांला ते जन्माबरोबर आलंय. तुम्ही मोकळी माणसं, कशाला अडकताय?" त्यांच्या धर्मात इतरांना नोहाच्या सात आज्ञा, सगळ्या माणसांसाठीच्या, तेवढ्या पुरतात, हे मला तेव्हाच कळलं.

तरी आम्ही अडकलो. हे नव्या मंडळीत जायला लागले होते. तिथे एकच मुद्दा: येशू शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा पाळायचा, वल्हांडणाच्या यहुदी सणाला यरुशलेमेला जायचा, त्याची स्वतःची सुंता आठव्या दिवशी झाली, मग शिष्यांनी का सोडायचं? खोटं कशाला बोलू, मला शनिवार आवडला. वचन नंतर पटलं, आधी विसावा पटला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच आठवड्यातला एक दिवस असा आला की कुणी गरम भाकरी मागितली नाही. शुक्रवारचं गार जेवायचं आणि पडून राहायचं. तेव्हाची मी आज समोर बसली तर म्हणेल, बाई, पाळायचं तर सगळं पाळ, आवडेल तेवढं उचलायला हा काय बाजार आहे? तिचं म्हणणं मला अजून पुरतं खोडता आलेलं नाही.

मग बाळ झालं.

दवाखान्यातून घरी आले त्याच संध्याकाळी मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, आणि त्यांच्या पत्नी आल्या. वडिलांनी बायबलातल्या उत्पत्तीचा सतरावा अध्याय वाचला, अब्राहामाचा करार, आठवा दिवस. डॉक्टर ठरला होता, वेळ ठरली होती. मला कुणी काही विचारलं नव्हतं. ते बाहेर ह्यांच्याशी बोलत बसले आणि बाईंनी आत येऊन माझा हात हातात घेतला. गोड आवाजात म्हणाल्या, लेवीयच्या पुस्तकात दिलंय, मुलगा झाला की सात आणि तेहेतीस, चाळीस दिवस उपासनेला यायचं नाही, प्रभुभोजनाच्या, म्हणजे उपासनेतल्या भाकरी-प्याल्याच्या, ताटाला हात लावायचा नाही. "बरं झालं मुलगा झाला. मुलगी असती तर ऐंशी."

सुंतेचं मी एक वेळ ऐकून घेतलं असतं. ह्याने मात्र माझं डोकं फिरलं.

माझं माहेर संगमनेरचं, घराणं नगर जिल्ह्यातलं महार. नगरला अमेरिकन मिशन 1831 पासून. आजी सांगायची, तिच्या आजोबांना बाप्तिस्म्यापेक्षा प्रभुभोजनाचा प्याला जास्त आठवायचा. दुसऱ्यांच्या ओठांना लागलेला प्याला फिरत फिरत त्यांच्या हातात आला, आणि नंतर कुणी तो विसळला नाही. गावच्या विहिरीवर ज्यांची सावली चालत नव्हती, त्यांना हे पुरेसं होतं. त्या घरातली मी. आणि मला, ओली बाळंतीण असताना, सांगतात की ताटाला हात लावू नको.

मी तिथूनच ओरडून सांगितलं, सुंता होणार नाही आणि चाळीस दिवसही पाळणार नाही. हे आत आले. ह्यांचा बायबलचा अभ्यास माझ्यापेक्षा जास्त. म्हणाले, प्रेषित पौलाने स्वतः आपल्या सोबत्याची, तीमथ्याची, सुंता केली, प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय. मी म्हटलं, "तीमथ्याची आई यहुदी होती. मी संगमनेरची आहे." कुणी हसलं नाही. वडील एवढंच म्हणाले, "बाळंतीण आहे, नंतर बोलू."

नंतर कुणीच बोललं नाही. आठव्या दिवशी सकाळी हे अंघोळ करून, पांढरा सदरा घालून तयार. खाली रिक्षा उभी. मी शेक-शेगडीच्या खोलीला आतून कडी घातली आणि बाळाला पदराखाली घेऊन बसले. धुराने डोळे चुरचुरत होते, टाके ओढत होते. बाहेर हे हळू आवाजात, अगदी अजिजीने दार वाजवत होते. त्या आवाजाने मी जवळजवळ उठले होते. रागावले असते तर सोपं गेलं असतं. शेवटी सासूबाई लसूण सोलायचं ताट घेऊन दारापुढेच फतकल मारून बसल्या. म्हणाल्या, "हिला बाळंतवात झाला तर निस्तरणार कोण? रिक्षावाल्याला पैसे दे आणि पाठव." त्यांना ना पौल ठाऊक ना तीमथ्य. बाराव्या दिवशी त्यांनीच सोनाराला बोलावून बाळाचे कान टोचले. बाळ किंचाळलं, पण बायबल कुणी उघडलं नाही.

हे त्यानंतर वर्षभर माझ्याशी कामापुरतं बोलले. ते काही मी इथे लिहीत बसणार नाही.

आता रविवारच्या बायकांनो, तुमच्याकडे वळते. इ. स. 50 च्या सुमारास यरुशलेमेच्या सभेत यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांनी सुंता करावी का हा वाद निघाला, येशूच्या शिष्याने, पेत्राने, विचारलं की जे जू आपल्या वाडवडिलांना झेपलं नाही ते त्या लोकांच्या मानेवर कशाला, हे तुम्ही मला पाठ म्हणून दाखवता. पण त्याच सभेच्या पत्रात रक्त खाऊ नका असंही लिहिलंय. मग बोकड कापला की रक्ती कोण परततं? आणि "यहुद्यांचं" म्हणताना तुमचा जो स्वर लागतो तो फार जुना आहे. अंत्युखिया शहरात 386-87 साली योहान क्रिसोस्तोम हा ख्रिस्ती प्रवचनकार यहुद्यांच्या सभास्थानात जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांवर असाच कडाडला होता. रागवायचं होतं आपल्याच माणसांवर, शिव्या खाल्ल्या यहुद्यांनी, आणि ती प्रवचनं पुढे शतकानुशतकं त्यांच्याविरुद्ध वापरली गेली. माझ्या दिव्याने तुमची कृपा विझत नाही.

आणि शनिवारवाल्यांनो, येशूने पाळलं तसं वल्हांडण आज खुद्द यहुदीही पाळू शकत नाहीत. इ. स. 70 मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं, कोकराचा यज्ञ तिथेच थांबला. मावशींच्या घरचं वल्हांडणाचं जेवण त्यांच्या लोकांनी त्यानंतर, मंदिराविना, घडवत नेलं. त्या जेवणात वाचायचं पुस्तक, हग्गादा, मराठीत 1874 साली पुण्यातच छापलं गेलं. ते जेवण मंडळीच्या हॉलमध्ये मांडून बेखमीर भाकरीच्या भोकांत येशूच्या जखमा दाखवायच्या, आणि ज्यांनी ते जेवण जपलं त्यांच्यातलं एक माणूस पंगतीला नाही, हे मला बघवत नाही.

एवढं लिहून मी जिंकले असं समजू नका. अलीकडे ह्यांनी इथिओपियाच्या गलावदेवोस राजाचं 1555 चं निवेदन माझ्यापुढे ठेवलं. तिथलं प्राचीन चर्च सुंता करतं, शनिवारही मानतं. पोर्तुगीज जेझुइटांनी तुम्ही यहुदी झालात म्हणून टोचलं, तेव्हा राजाने लिहिलं की आमची सुंता हा देशाचा रिवाज, हिंदुस्थानात कान टोचतात तसा. मी म्हटलं, बघा, सासूबाईंचा सोनार! त्याने कुणी देवाच्या जवळ जात नाही की लांब राहत नाही. हे म्हणाले, "पण करतात ना? तू कान टोचू दिलेस, ते चाललं. माझं तेवढं चाललं नाही." चाळीस दिवसांचं लचांड मागे नसतं तर मी कडी घातली असती का, ते मला खरंच सांगता येत नाही. दिवा लावते, कारण मला तो लावावासा वाटतो, आणि ह्याला आधार म्हणून दाखवायला माझ्याकडे वचन नाही. हॉलमधल्या जेवणाचं ताट मात्र यंदा माझ्यासाठी धरू नका.