गुडमनची १९३८ची मैफल आणि कागदांसाठी झालेला मनस्ताप

न्यू जर्सीतल्या आमच्या हौशी बँडनं अमेरिकन जॅझ क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनची १६ जानेवारी १९३८ची न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलची मैफल पुन्हा वाजवायची ठरवलं आणि नोटेशन जमवायचं काम माझ्याकडे आलं. हॉल, वादक, तालमी सगळं छान जुळलं. अडलं ते पब्लिशरच्या भाड्यानं नोटेशनचे कागद देणाऱ्या खात्यात.

गुडमनचा तेव्हाचा बँड आजच्या मानानं लहान, तीन ट्रम्पेट, दोन ट्रॉम्बोन, चार सॅक्सोफोन म्हणजे सॅक्स, सोबत पियानो, गिटार, बास, ड्रम्स आणि पुढे क्लॅरिनेट घेऊन तो स्वतः. मी फॉर्मवर स्वच्छ लिहिलं होतं की हीच मूळ मांडणी हवी. "विनंती मिळाली" एवढं उत्तर आलं आणि मग कित्येक आठवडे काहीच नाही, फोन केला की दरवेळी नवीन माणूस, त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, आणि शेवटी पार्सल आलं ते आजच्या मोठ्या बँडसाठी वाढवलेल्या आवृत्तीचं, वर बॅरिटोन सॅक्सचा, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या सॅक्सचा, वेगळा कागद. अहो, त्या बँडात बॅरिटोन नव्हताच! गुडमनच्या बँडसाठी लिहिणाऱ्या फ्लेचर हेंडरसनच्या अरेंजमेंटमध्ये, म्हणजे कुठल्या वाद्यानं काय वाजवायचं त्या मांडणीत, सॅक्स आणि ब्रासचे (ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचे) सवाल-जवाब चालतात, तिथे चारच्या जागी पाच सॅक्स आले की सवालच जड होतो. हे सांगितलं तर म्हणे, परतीचा खर्च तुमचा. अजून आठवलं की डोकं फिरतं.

मी हटलो नाही. एकेका वाद्याची यादी करून थेट त्या खात्याच्या वरच्या बाईंना पाठवली, त्यांनी स्वतः शोधून बरोबर सेट काढून दिला. पहिल्याच तालमीत चार सॅक्स एका श्वासात उठले आणि मला खरंच भरून आलं.

म्हणून सांगतो, पहिल्याच मेलमध्ये वाद्यांची यादी द्या. आणि हो, 'सिंग, सिंग, सिंग' या रचनेतला गुडमनच्या पियानिस्टचा, जेस स्टेसीचा, पियानो सोलो त्यानं त्या रात्री ऐनवेळी वाजवलेला, तो कागदावर शोधू नका, त्या मैफलीच्या १९५० साली निघालेल्या रेकॉर्डवरून कानानंच उतरवायचा, आमच्या पियानिस्टनं तसाच बसवला. गिटारला अँप्लिफायर नको. सादरीकरणाचं लायसन्स बहुतेक वेळा हॉलकडे असतं, पण लेखी विचारून घ्या. भाड्याच्या कागदांवर फक्त पेन्सिल, परत देताना सगळं खोडावं लागतं.