३२, ३१ की ३०?

प्रगत गणिताच्या वर्गासाठी मुलं निवडताना आम्ही त्यांना वरच्या इयत्तांची चाचणी देतो. स्वतःच्या इयत्तेच्या पेपरात ही सगळीच पैकीच्या पैकी मिळवतात, मग फरक कळणार कसा? ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गणितात तल्लख मुलांचा अभ्यासप्रकल्प सुरू केला आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलांना थेट कॉलेजप्रवेशाची सॅट परीक्षा दिली, तीही याच विचाराने. मूल किती पुढे गेलंय ते अशा चाचणीत कळतं. अडल्यावर ते काय करतं, हे मात्र वर्गातच दिसतं.

सातवीतला एक मुलगा असाच वरचे गुण मिळवून आला होता. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याचं उत्तर तयार. पालकांचा आग्रह होता की त्याला अकरावीच्या गटात बसवा.

त्या दिवशी मी फळ्यावर वर्तुळ काढलं. परिघावर काही बिंदू घ्यायचे, प्रत्येक बिंदू बाकी सगळ्यांशी सरळ रेषेने जोडायचा. वर्तुळाचे तुकडे किती? दोन बिंदूंना २, तिनांना ४, चारांना ८, पाचांना १६. ‘जास्तीत जास्त’ हे शब्द मी मुद्दाम गाळले होते.

“सहाला ३२,” पेन्सिल न उचलता तो म्हणाला.

“काढून बघ.”

त्याने काढलं, मोजलं. ३१. पुन्हा मोजलं, खोडलं, नवी आकृती काढली. पुन्हा ३१. “एखादा तुकडा फार बारीक असेल, दिसत नसेल,” असं पुटपुटत त्याने तिसरं वर्तुळ घेतलं. या खेपेला त्याची एक रेषा किंचित वाकली आणि तुकडे बरोबर ३२ झाले.

तेवढ्यात आठवीतली एक मुलगी म्हणाली, “माझे ३०च येतायत.” तिने कंपासने नेटका सुसम षटकोन काढला होता.

“मॅडम, हिचं वर्तुळच चुकलंय!”

“मग तू मोज ना.”

त्याने मोजले. ३०च.

दोघांच्या वह्या शेजारी ठेवायला लावल्या. तिच्या आकृतीत समोरासमोरचे बिंदू जोडणाऱ्या तीन रेषा केंद्रात एकाच बिंदूत भेटत होत्या. त्याच्या पहिल्या आकृतीत तिथेच एक चिमुकला त्रिकोण होता. ते तिने दाखवलं, पण कारण मात्र बऱ्याच वेळाने त्यानेच सांगितलं, आणि तेही अडखळत, जे मी पहिल्यांदाच ऐकत होते. नवी रेषा ओढली की एक तुकडा वाढतो. वाटेत जितक्या ठिकाणी ती दुसऱ्या रेषांना छेदते, तितके आणखी वाढतात. “हिची शेवटची रेषा दोन रेषांना एकाच ठिकाणी छेदते. म्हणून एक कमी.”

मग बाकीचा वर्गही सरसावला. तुकडे म्हणजे १, अधिक रेषा, अधिक छेदनबिंदू. सहा बिंदूंच्या रेषा १५. कुठलेही चार बिंदू घेतले की आतला एक छेदनबिंदू मिळतो, आणि सहातून चार निवडायचे प्रकारही १५. झाले ३१. दुपटीचा कुठे संबंधच नव्हता.

हुशार मुलांना वरच्या वर्गात बसवायला माझा विरोध नाही. जे येतंय तेच पुन्हा गिरवायला लावणं ही शिक्षाच आहे. पण प्रगत अभ्यासक्रम म्हणजे पुढच्या वर्षीचं पुस्तक लवकर उघडणं, एवढंच नव्हे. पुस्तकातल्या संख्यामालिका फार शहाण्या असतात. पहिली चार पदं पाहिली की पाचवं सांगता येतं, आणि चटपटीत मुलाला त्याची चटक लागते. अकरावीत या मुलाला निवडीचं सूत्र आयतं मिळालं असतं, त्यात आकडे घालून तो दोन मिनिटांत मोकळा झाला असता. ‘या सत्रात तो इथेच राहू दे, पुढचं नंतर पाहू,’ असं मी पालकांना कळवलं. त्यांना ते फारसं रुचलं नाही.

तास संपत आला तरी तो सूत्राने पुढे मोजतच होता. सातला ५७, आठला ९९, नवाला १६३. मग एकदम उठला.

“दहाला २५६! हा तर दोनाचाच घात! पण दुपटीने ५१२ यायला हवे होते. मग हा इथे कसा आला?”

“योगायोग असेल,” मुलगी म्हणाली.

“मग दहाच्या पुढे परत येणार नाही, हे सिद्ध कर.”

“मी का? तू कर.”

पुढच्या तासाची मुलं दारात येऊन थांबली होती, आणि हे दोघं काही जागचे हलेनात.