अर्ध्या भाकरीचा फरक

मी आहारतज्ज्ञ. ओपीडीत माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेकांना 'कमी कसं खाऊ' एवढंच हवं असतं. सांगली जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या तळावर शिबिराला गेले, तेव्हा बॅगेतले वजन घटवायचे छापील तक्ते बॅगेतच राहिले.

बीडकडचा एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, समोर बसला होता. ती चोविशीची, मांडीवर चार महिन्यांचं बाळ. वजन ४२ किलो, उंची १५० सेंटिमीटर. "मोळी डोक्यावर घेतली की अंधारी येती, म्याडम." हिमोग्लोबिन कमी होतंच, त्याच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या आणि खाण्याचं बघायला माझ्याकडे पाठवलं.

"ह्यांना आठ-नऊ भाकरी लागत्यात. मला पाच बास. बायामाणसाला कशाला जास्त?" नवऱ्यानेही मान डोलावली. माणूस वाईट नव्हता. बाळ रडायला लागलं तसं त्यानेच उचलून घेतलं.

मग मी दोघांचा हिशेब मांडला. दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी हृदय, मेंदू, यकृत चालवायला उष्मांक लागतात. किती, ते वजन, उंची, वय आणि बाई की पुरुष यावर ठरतं. तिचे आले साधारण १०७५. तो ५२ किलोचा, त्याचे १४००. (सूत्र अमेरिकेत बेतलेलं आहे, शंभरेक इकडेतिकडे धरा.) पुरुषाचं अंग मोठं, स्नायू जास्त. इथवर त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

पुढे कामाचा गुणक येतो, म्हणजे काम जितकं जड तितक्या पटीने हा आकडा वाढवायचा. खुर्चीत बसून काम करणाऱ्याला १.४, अंगमेहनतीच्या जड कामाला २.३. तो ऊस तोडतो. ती पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवते. पहाटे चूल आणि पाणी तिचंच. मग गुणक दोघांना एकच. त्याचे झाले ३२२५ च्या आसपास, तिचे २४७५. आणि मांडीवरच्या बाळाचं दूध? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या (आयसीएमआर-एनआयएन) २०२० च्या शिफारशींत अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज ६०० उष्मांक जास्त सांगितलेत. बेरीज ३०७५.

ऐंशी ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी साधारण २७० ची. म्हणजे नवरा-बायकोत फरक उरला जेमतेम अर्ध्या भाकरीचा. आणि ती खात होती पाच भाकऱ्या, पातळ कालवण, ठेचा, गोड चहा; सगळं धरून सतराशे-अठराशे. बाळाचं वजन चांगलं वाढत होतं. आईचा ब्लाऊज मात्र दोन्ही बाजूंनी आत घेतलेला होता.

"मग अजून चार भाकरी? थापू कवा? तीनला उठते मी."

याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. चूल न पेटवता पोटात जाईल असंच सांगायला हवं होतं. मूठभर शेंगदाण्यात १७० च्या आसपास उष्मांक मिळतात. गुळाच्या खड्यासोबत फडातही खाता येतात. स्तनदा मातेसाठी अंगणवाडीतून ६०० उष्मांकांचा आहार मिळतो, पण तिचं नाव गावाकडच्या अंगणवाडीत आणि ती इकडे. शिबिराला आलेल्या सेविकेला तिथंच बसवून नाव लिहून घ्यायला लावलं.

नवरा कागदावरचे दोन आकडे परत परत बघत होता. निघताना तळावरच्या दुकानातून त्याने किलोभर शेंगदाणे घेतले, भावावरून कुरकुरला आणि उधारीत मांडायला सांगितले.