रिकाम्या आकाशातली ऑक्सिजनची रेषा

क्ष-किरण दुर्बिणीचा डेटा नव्याने हाताळणारे एक प्रश्न हमखास विचारतात: रिकाम्या आकाशाच्या वर्णपटातही 570 इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या आसपास ऑक्सिजनची रेषा येते, ती कशाची? आणि त्याच जागेचं निरीक्षण पुन्हा केलं की ती कमीजास्त का होते? तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

तिचा काही भाग आकाशगंगेतल्या उष्ण वायूचा असतो; बदलणारा भाग आपल्या सौरमालेतलाच आहे. सौरवाऱ्यात, म्हणजे सूर्याकडून वाहणाऱ्या भारित कणांच्या झोतात, जड आयन हजारात एखादाच, पण सूर्याच्या प्रभामंडलाच्या दहा-वीस लाख अंशांच्या तापमानात त्यांचे बहुतेक इलेक्ट्रॉन गेलेले असतात. सात इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन हायड्रोजनच्या किंवा हेलियमच्या उदासीन अणूजवळून गेला की त्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो. हा इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीत येतो आणि खाली उतरताना क्ष-किरण सोडतो. यालाच चार्ज एक्सचेंज म्हणतात. 1996 साली रोसॅट उपग्रहाला ह्याकुताके धूमकेतूपाशी दिसलेले क्ष-किरण असेच निघाले होते. चंद्राच्या अंधाऱ्या बाजूवर रोसॅटला दिसलेली अंधुक चमकही चंद्राची नव्हतीच. ती पृथ्वीभोवतीच्या विरळ हायड्रोजनमधून येत होती.

आता कामाचं. प्रोटॉनच्या झोतांमुळे बिघडलेला वेळ गाळताना आपण 2.5 ते 5 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा पट्टा पाहतो. चार्ज एक्सचेंज तिथे दिसतच नाही, त्यामुळे ते या गाळणीतून सहीसलामत सुटतं. म्हणून 500 ते 700 इलेक्ट्रॉनव्होल्टचा लाइट कर्व्ह (वेळेनुसार तेजाचा आलेख) वेगळा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. खालचाच पट्टा हलत असेल तर एस किंवा विंड यानाचा सौरवाऱ्याचा डेटा घ्या. ही यानं ज्या एल-1 बिंदूपाशी असतात तो पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने 15 लाख किलोमीटरवर आहे. सेकंदाला 400 किलोमीटर वेगाने वारा पृथ्वीपाशी यायला तासभर लागतो, तेवढी वेळ सरकवूनच तुलना करा. प्रोटॉनचा प्रवाह शांत दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण ऑक्सिजन आयनांचं प्रमाण स्वतंत्रपणे बदलतं.

लाइट कर्व्ह सपाट आला तरी प्रश्न संपत नाही, आणि माझ्या मते खरी फसगत इथेच होते. ताऱ्यांमधल्या अवकाशातून वाहत येणारा उदासीन वायू साऱ्या सौरमालेत पसरलेला आहे. त्याच्यातलं उत्सर्जन अब्जावधी किलोमीटरच्या दृष्टिरेषेवर साचत येतं, त्यामुळे तासातासाचे चढउतार पुसले जातात. त्यावर उष्ण वायूचं मॉडेल बसवलं तर ते छान बसतंही, आणि आकाशगंगेच्या वायूचं तापमान आणि घनता मात्र चुकीची मिळते.

ओळख पटवायची तर ऑक्सिजनच्या त्रिकुटात, म्हणजे 570 जवळच्या ज्या तीन रेषा मिळून एक दिसते त्यांत, पाहावं: चार्ज एक्सचेंजमध्ये 561 ची रेषा 574 च्या रेषेपेक्षा ठळक असते, उष्ण वायूत उलट. पण हे अंतर 13 इलेक्ट्रॉनव्होल्टचं. दुर्बिणीतल्या सीसीडी या संवेदक चिपला ते सुटं करता येत नाही, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत घडलेल्या, ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोपलाही नाही. सीसीडीवर कार्बनची 459 ची रेषा शोधा. सुझाकू उपग्रहाने 2005 मध्ये ती टिपली होती.

शक्य असेल तर तीच जागा सहा महिन्यांनी पुन्हा मागा. डिसेंबरच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यामागे एकवटलेल्या हेलियमच्या शंकूतून जाते, म्हणून दोन्हीपैकी एकही निरीक्षण त्या दिवसांत येऊ देऊ नका.